गाळलेली सहा मिनिटं

माझ्या डोळ्यांचं मधलं गेलं, कडेकडेचं राहिलं. समोर माणूस उभा असला तर त्याचे खांदे दिसतात, चपला दिसतात, मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर दिसतं, आणि चेहऱ्याच्या जागी नुसतं धुरकट काहीतरी असतं. डॉक्टरांनी या आजाराचं लांबलचक नाव सांगितलं होतं, ते मी मुद्दाम विसरले. आधी खूप रडले, मग चिडले, मग दुपारची झोपायला लागले. मुलुंड पूर्वेला आमच्या बिल्डिंगीत दुपारी अडीच ते चार या वेळात काही म्हणजे काही घडत नाही. पाण्याच्या टाकीवर पोपट येतात, लांबून हायवेची घरघर येते, आणि बाकी सगळं जग पालथं पडलेलं असतं.

तीस वर्षं मी एका छापखान्यात मुद्रितं तपासली. लेखकाची मूळ प्रत डाव्या हाताला, छापून आलेला कागद उजव्या हाताला, आणि मान सारखी इकडून तिकडे. मुळातला एक काना गळला तरी मला सापडायचा. लेखक मला घाबरायचे आणि मला ते आवडायचं. त्यामुळे डोळे गेल्यावर माझ्या अंगात जो काही माज होता तो कुठे ठेवावा हेच मला कळेना.

एका दुपारी दुसऱ्या मजल्यावरची मुलगी वाटी परत करायला आली. ती अकरावीत होती, सोळा वर्षांची, फटकळ. मी भिंगाखाली पुस्तक सरकवत बसले होते. ते बघून ती म्हणाली, "काकू, तुम्ही वाचताय की इस्त्री करताय?"

मला राग यायला हवा होता, पण हसूच आलं. मी तिला सांगितलं की ही जाडजूड कादंबरी एका नदीकाठच्या नावाड्याची आहे, तिची मुद्रितं मी तरुणपणी तपासली होती, आणि मरायच्या आधी ती एकदा चुका न शोधता वाचायची आहे. ती कुठल्याच ॲपवर नव्हती, कारण ती आता कुठेच छापून येत नाही.

"मग आम्ही वाचतो ना," ती म्हणाली. "रेकॉर्ड करून पाठवतो. त्यात काय."

तिने बिल्डिंगीतली चार मुलं गोळा केली. पुस्तकाच्या पानांचे फोटो काढून वाटून दिले. ज्याने त्याने आपापलं पान आपल्या घरी वाचायचं, तिला पाठवायचं, आणि तिने सगळे तुकडे जोडून प्रकरण तयार करून मला द्यायचं. तिने आपणहून दोन नियमही केले. घरातल्यांना सांगूनच रेकॉर्डिंग करायचं, आणि काकूंशिवाय कुणालाही पाठवायचं नाही. मी म्हटलं, एवढं काय गं त्यात, पुस्तकच तर वाचताय. ती म्हणाली, "असू दे काकू. आवाज आपला असतो ना."

पहिली दोन प्रकरणं आली ती अगदी धुतल्या तांदळासारखी. मुलं कपाटात तोंड घालून किंवा चादरीखाली शिरून वाचत होती, आणि वर ही मुलगी खोकला, शिंक, दाराची बेल सगळं छाटून टाकत होती. ऐकताना मला बँकेच्या फोनवरच्या बाईची आठवण झाली. मी फर्मान काढलं की घरातला एकही आवाज कापायचा नाही. कुकर वाजला तर वाजू दे, आजी ओरडली तर ओरडू दे.

मग मात्र मजा आली. त्या मुलीच्या पानांमागे तिच्या आजोबांची बुद्धवंदना हळू चालू असायची. एका पोराची मालवणी आजी मधेच म्हणायची, "मेल्या, पंखो बंद कर." कुणाची फोडणी चुरचुरायची, कुणाची बहीण दाणदाण पाय आपटत जायची. मी कानात इयरफोनची बोंडं घालून पलंगावर पडायची आणि पाचव्या मिनिटाला डोळा लागायचा, पण ऐकणं चालूच राहायचं. त्या गुंगीत नदी आमच्या जिन्यावरून वाहायला लागायची. नावाडी प्रत्येक मजल्यावर नाव थांबवायचा, कुणाच्या तरी ओट्यावरचा चहा प्यायचा आणि पुढे जायचा. जागी झाले की पुस्तक किती झालं आणि स्वप्न किती झालं हे मला सांगता यायचं नाही. मी परत मागे जाऊन ऐकायची, परत झोपायची. एवढी सुखाची दुपार माझ्या वाट्याला कित्येक वर्षांत आली नव्हती.

त्यातला सगळ्यात लाडका आवाज माझ्याच मजल्यावरच्या, समोरच्या दारातल्या मुलाचा होता. तो नववीत, चौदा वर्षांचा. पुस्तक सुरू झालं तेव्हा त्याचा आवाज बारीक होता. सहाव्या प्रकरणात तो फुटायला लागला, आणि दहाव्यापर्यंत नावाड्याच्या तोंडी शोभेल असा जाड झाला. तो लाजून म्हणायचा, "काकू, परत वाचू का, विचित्र येतोय." मी म्हणायची, येऊ दे तसाच. त्याचे वडील रोज सकाळी आठ दहाला ऑफिसला निघायचे. मी दारात दूध घेत असले की डब्याची पिशवी सावरत विचारायचे, "काय काकू, कुठवर आलं पुस्तक?" भला माणूस होता. आणि आवाज थेट मुलासारखा, नुसता वीस-पंचवीस वर्षांनी पिकलेला.

चौदाव्या प्रकरणात घोटाळा झाला. मुलगा वाचत होता, भर दुपारी नाव घाटाला लागत होती, आणि खालून भंगारवाल्याची हाक आली. "ए भं..." एवढंच आलं आणि तुटलं. पुढच्या क्षणाला मुलगा वाचतच होता, पण आता मागे पंखा फिरत होता. आधी पंखा नव्हता.

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. मी चार वेळा मागे जाऊन ऐकलं. मधलं काहीतरी गाळलं होतं. मी त्या मुलीला वर बोलावलं.

"इथं काय कापलंस?"

"काही नाही काकू. ब्लँक होतं."

"ब्लँक असलं तरी कापायचं नाही असं ठरलं होतं ना? मूळ तुकडा दे मला."

"माझ्याकडे नाहीये. उडवला."

मला तिचा चेहरा दिसत नव्हता, पण पायाचा अंगठा दिसत होता आणि तो लादीवर घासत होता. मी म्हटलं, "तू खोटं बोलतेयस."

"सोडा ना काकू."

"सोडा काय? तीस वर्षांत मी एक ओळ गाळली नाही. तुला कंटाळा आला असेल तर तसं सांग. जोडायला मी दुसऱ्या कुणाला तरी सांगते."

 ती "ओके" म्हणाली आणि गेली. जाताना दार तिने अगदी हळू लावलं. आपटलं असतं तर मला बरं वाटलं असतं, निदान भांडायला जागा राहिली असती.

मी लगेच समोरच्या मुलाला फोनवर बोलून निरोप पाठवला की चौदाव्या प्रकरणाचा तुझा मूळ तुकडा मला दे. मुद्रितात शंका आली की मूळ प्रत मागवायची, हे माझ्या हाडात भिनलेलं. मिनिटभरात रविवारी रेकॉर्ड केलेला तो तुकडा आला. सोबत त्याने विचारलं होतं, "काही चुकलं का काकू?"

मी पलंगावर आडवी झाले, कानात बोंडं घातली. मुलगा वाचत होता. भंगारवाला या वेळी पूर्ण ओरडला. मग इंटरकॉम वाजला, वॉचमनने पार्सल आलं म्हणून सांगितलं असावं. मुलगा "आलो" म्हणाला आणि चपला वाजवत खाली गेला. फोन तसाच कपाटाच्या फळीवर राहिला, रेकॉर्डिंग चालू. पोपट ओरडत होते. मला पेंग येत होती. मग खोलीचं दार लागल्याचा आवाज आला, पंख्याचं बटण दाबलं गेलं, आणि त्याचे वडील त्याच्या आईशी बोलायला लागले.

"ऐक ना, मला कामावरून काढून दोन महिने झाले."

 ते पुढे बोलत राहिले. रोज घरातून निघतो, पवईला तलावाकाठी जाऊन बसतो, ऊन वाढलं की एका वाचनालयात पेपर वाचतो, संध्याकाळी नेहमीच्या वेळेला परत येतो. अर्ज केलेत, कुठून काही आलं नाही. पोराला एवढ्यात सांगू नकोस, मला जरा नीट शब्द सापडू दे, मीच सांगेन. मधेच त्यांचा आवाज फुटला, मुलाचा फुटतो तसा.

बऱ्याच वेळाने त्याच्या आईने विचारलं, "मग डबा कुठे खातोस?"

"बाकावर."

पंखा फिरत राहिला. ती म्हणाली, "उद्यापासून सुकी भाजी देते." मग दोघं बाहेर गेले. मुलगा परत आला, घसा खाकरला, आणि नाव घाटाला लागली तिथून पुढे वाचायला लागला. त्याला काही माहीत नव्हतं.

मला उठून बसायला हवं होतं. मी उठले नाही. मी ती सहा मिनिटं पुन्हा ऐकली. पहिल्यांदा मी नकळत त्यात सापडले होते असं म्हणता येईल, दुसऱ्यांदा मी निवांत ऐकलं, कादंबरी ऐकावी तसं. सुक्या भाजीच्या वाक्याला माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते मला सुखाचं वाटलं. हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही, इथंच पहिल्यांदा सांगतेय, आणि सांगताना माझे कान तापलेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ दहाला समोरचं दार उघडलं. "काय काकू, कुठवर आलं पुस्तक?" मी म्हटलं, "चौदावं चाललंय." त्यांच्या खांद्यावरची पिशवी मला दिसली, इस्त्रीचा शर्ट दिसला. जिना उतरताना त्यांची पावलं नेहमीसारखीच पडत होती. मी दुधाची पिशवी हातात घेऊन बराच वेळ तिथंच उभी राहिले.

चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती मी. दुपारी त्या मुलीला बोलावून सांगितलं की चुकले, तू बरोबर केलंस.

ती एकदम गंभीर झाली. "तुम्ही ऐकलंत?"

"हो. तू?"

"मी पहिल्या वाक्याला ओळखलं काकांचा आवाज. मग थांबवलं. कळलं ना, आपल्यासाठी नाहीये ते. स्क्रीनवर आवाजाची रेघ दिसते, तो परत वाचायला लागला तिथं ती उंच होते. तिथपासून घेतलं, मधलं उडवलं." मग तिने विचारलं, "तुम्ही किती ऐकलंत?"

"सगळं," मी म्हटलं. एकदाच ऐकलं असं तिला वाटू दिलं.

ती मला काही बोलली नाही. बोलायला हवी होती. तिला वेगळीच काळजी लागली होती. "म्हणजे त्याच्याकडे अजून आहे ते. मी त्याला सांगितलेलं, जोडून झालं की जुने तुकडे उडव, फोन भरतो. त्याने नसणार उडवलं. आणि आता तुम्ही मागितलंत म्हणजे त्याला वाटणार काय चुकलं बघू. तो ऐकणार काकू." ती फेऱ्या मारायला लागली. "वाट लागेल. त्याला हे बाबांकडून कळायला पाहिजे ना. असं फोनमधून कसं कळायचं?"

मला त्या क्षणी स्वतःची इतकी लाज वाटली की मी नुसती पदराशी चाळा करत बसले. ज्या पोरीला मी कामचुकार म्हटलं, तिने चार दिवस ही गोष्ट पोटात ठेवली होती, माझ्या शिव्या खाऊन. आणि मी मूळ प्रत मूळ प्रत करत त्या पोराच्या हातात त्याच्या बापाचं गुपित देऊन बसले होते. आम्ही ठरवलं की त्याला आजच बोलवायचं आणि जुने तुकडे उडवायला लावायचे. मी बोलावते म्हटलं. निस्तरायचंही मीच होतं.

शाळा सुटल्यावर तो आला, चारच्या सुमारास. पोपट टाकीवर आले होते, खिडकीतून उन्हाचा तिरका पट्टा पलंगावर पडला होता. मी म्हटलं, "बाळा, जोडून झालेत ते सगळे जुने तुकडे उडवून टाक बघू, उगाच फोन भरतोय." तो माझ्या पायाशी पलंगावर बसला आणि एकेक उडवायला लागला. प्रत्येक तुकडा गेला की फोन टुक करायचा. दुसरं, तिसरं, चौथं. त्याच्या बारीक आवाजातली ती पानं अशी टुकटुक करत जात होती आणि मला वाईट वाटत होतं.

चौदाव्यापाशी तो थांबला. "हा तुम्ही काल मागितलात ना? थांबा, ऐकून बघतो काय चुकलं होतं ते. तेव्हा वेळच नाही मिळाला."

माझ्या तोंडाशी तीन-चार थापा आल्या. बिघडलाय, रिकामा आहे, नंतर ऐक. सगळ्या अशा होत्या की त्यामुळे त्याने हमखास ऐकलंच असतं. शेवटी खरं तेवढंच सांगितलं.

"नको ऐकूस. त्यात तुझं वाचन नाहीये. तू खाली गेला होतास तेव्हा दुसरं कुणीतरी बोललंय. त्यांना माहीत नव्हतं फोन चालू आहे. मी ऐकलं, ते मी करायला नको होतं."

तो हलला नाही. ऊन त्याच्या गुडघ्यावर आलं होतं, फोन धरलेला हात मला नीट दिसत होता. अंगठा काचेच्या जरा वर थांबला होता.

"आमच्या घरातलं?" त्याने विचारलं.

"हो."

"वाईट आहे?"

"वाईट नाही रे. जड आहे."

मला वाटलं आता हा ऐकणार. मी त्याच्या जागी असते तर ऐकलंच असतं, आणि त्याचा तर हक्क होता, त्याच्याच घरातलं होतं ते. त्याचा श्वास मला ऐकू येत होता. मी हात जोडून बसले होते, कुणाला ते माहीत नाही.

"मग ज्याचं आहे तो सांगेल ना," तो म्हणाला. अंगठा खाली आला. फोन टुक झाला.

मग तो फोनमध्ये पंधराव्याची पानं उघडून बघायला लागला. तो गेल्यावर मी माझ्या फोनमधलाही तुकडा उडवला. माझा फोन सगळं बोलून विचारतो, कायमचं काढायचं का, म्हणून. बाईचा तो कोरडा आवाज ऐकून मी हो म्हटलं आणि परत आडवी झाले, पण त्या दिवशी झोप लागली नाही.

मग सतरा दिवस गेले. ते मी मोजले, कारण रविवार सोडला तर रोज आठ दहाला ती पावलं जिना उतरायची आणि मी "सोळावं चाललंय", "सतरावं चाललंय" असं सांगत राहायची. मुलगा वाचून पाठवत होता. जोडायचं काम परत त्या मुलीकडे गेलं होतं, आणि आता घरच्या माणसांचं बोलणं आलं की कापायचं, मला न विचारता, असं मीच सांगितलं होतं. कुकर आणि पोपट तेवढे ठेवले. दुपारी मी ऐकायची, पण नदी जिन्यावर येऊन थबकायची, समोरच्या दारापाशी. नावाडी बेल वाजवायचा नाही. वल्हं आडवं धरून नुसता पायरीवर बसून राहायचा, आणि मीही झोपेत त्याच्या बाजूला बसून राहायची.

अठराव्या दिवशी आठ दहा होऊन गेले तरी दार उघडलं नाही. सव्वाआठ झाले, साडेआठ झाले. माझा जीव खालीवर. मग आतून भांडी लावल्याचा आवाज आला आणि दोन पुरुष हसल्यासारखे वाटले, एक जुना, एक नवा.

दुपारी मुलगा पान घेऊन स्वतःच आला. म्हणाला, आज इथंच वाचतो. बसला, पण वाचायला लागला नाही.

"बाबांनी काल सांगितलं," तो म्हणाला. "जॉब गेलाय त्यांचा. तेच होतं ना त्यात?"

"हो," मी म्हटलं. "तू विचारलंस त्यांना?"

"नाही. विचारून कसं चालेल?" तो म्हणाला. "ते संध्याकाळी आले की बाल्कनीत बसतात, नुसतेच. मी जाऊन बाजूला बसायला लागलो. फोन आत ठेवून. पहिल्या दिवशी ते म्हणाले, काय रे, नेट गेलंय का? मी म्हटलं, नाही, असंच."

"रोज?"

"रोज. काही बोलायचो नाही आम्ही. म्हटलं, त्यांना सांगावंसं वाटेल तेव्हा मी तिथं असायला पाहिजे ना."